स्मार्ट

घणसोलीच्या आमच्या जिन्याखाली
दोन पोरं शिडी घेऊन आली
आणि बाबांनी एकतीस वर्षं वाचलेली चकती
चार स्क्रू काढून गोणपाटात टाकली.
नवा मीटर आता स्वतःच स्वतःला वाचणार.
"स्मार्ट आहे काका," एक जण म्हणाला,
"आता कुणी घरी यायची गरजच नाही."
घरी येणारा तो कुणी
समोरच उभा होता,
हातात टॉर्च, सवयीने आणलेला.

रात्री नववी ब चे पेपर बाजूला सारून
मी जाडा शब्दकोश उघडला.
हजार वर्षांपूर्वी हा शब्द नुसता झोंबायचा.
जखम स्मार्ट असायची,
चाबूक स्मार्ट,
पाठीवर उठलेला वळ तर फारच.
पुढे फटक्याची जागा बोलण्याने घेतली,
आणि ज्याचं बोलणं लागतं तो हुशार ठरला.
आपल्याकडे तरी काय वेगळं?
तिखट जिभेला आपणही बुद्धी म्हणतो,
ती आपल्या घरातली नसेल तर.
मग कुणीतरी त्याला कोट शिवला,
कडक इस्त्री केली,
दुखणं अस्तराच्या आत गेलं.
जर्मनीतला त्याचा चुलतभाऊ मात्र
कपडे न बदलता
अजून वेदनाच सांगत बसलाय.

शेवटी त्यांनी बॉम्बला स्मार्ट म्हटलं.
तिथे मी पान उलटलं.

आमच्या आळीत हा शब्द पहिल्यांदा आला
तो नलू आत्याच्या स्थळाबरोबर.
मुलगा रबाळ्याला सुपरवायझर,
शर्ट खोचलेला, मनगटावर सोनेरी पट्टा.
स्मार्ट आहे हो, बायका म्हणाल्या.
नऊ वर्षांनी आत्या दोन पिशव्या घेऊन परत आली.
तिच्या पाठीवर काय होतं
ते आजीने कुणाला बघू दिलं नाही.
जुन्या अर्थाने बायकांचं काही चुकलं नव्हतं.

आणि बाबांना तो मिळाला एमआयडीसीत,
एका मीटरला चिकटवलेलं लोहचुंबक
त्यांनी वहीत लिहिलं तेव्हा.
"जास्त स्मार्ट समजतो काय रे स्वतःला?"
पुढच्या महिन्यापासून दिघ्याचा डोंगर,
तीनशे बारा घरं,
पायऱ्या कुणी मोजल्या नव्हत्या,
बाबांनी मोजल्या.
दीडशहाणा हा आपला शब्द शेठला आठवला नसेल.
इंग्रजीत अपमान केला की
पावती दिल्यासारखं वाटतं.

"काय लिवलंय गो त्या बुकान?"
पाण्याचा तांब्या घेऊन बाबा दारात.
मी सांगितलं, पहिला अर्थ झोंबणं.
जखमेवर मीठ पडलं की होतं, तसं.
बाबा थोडा वेळ गप्प.
मग एकदम हसले,
"मंग तुजा आजा लय स्मार्ट व्हता!
टाचांना भेगा, बोट जाईल एवढ्या,
आन् दिवसभर मिठागरान उभा."
हसता हसता खोकला आला,
तांब्या कलंडला,
आजोबांची मिठागरं कुठल्या सेक्टरखाली गेली
यावर आमचं नेहमीचं भांडण झालं
आणि पेपर तसेच राहिले.

शाळेत मुलं म्हणतात, मॅडम, आज स्मार्ट दिसता.
मी थँक्यू म्हणते.
कोणत्या शतकातलं, ते विचारत नाही.

आता बिल थेट फोनवर येतं.
तरी दर महिन्याच्या चार तारखेला
बाबा टॉर्च घेऊन जिन्याखाली उतरतात.
हिरवा दिवा लुकलुकत असतो.
गुडघ्यावर हात टेकून ते वाकतात,
आकडा मोठ्याने वाचतात,
कॅलेंडरच्या मागे लिहितात,
मग मला फोन काढायला लावतात.
एकदा तरी चुकेल, असं त्यांना वाटत असावं.
सात महिने झाले,
आकडा जुळतोच आहे.